तीच आठ सॅम्पल दोन मेथडने मोजली आणि पी व्हॅल्यू ०.९५ आली, मग "फरक नाही" लिहायचं का?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. लॅबमध्ये जुनी टायट्रेशनची मेथड आहे, आता नवीन इन्स्ट्रुमेंट आलंय. आठ सॅम्पल दोन्हीकडे चालवली, प्रत्येकाची तीन-तीन रीडिंग घेतली, ॲव्हरेज काढले, एक्सेलमध्ये टी टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते बघणारी) लावली आणि पी (खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) आली ०.९५. गाईडचं म्हणणं की "दोन्ही मेथडमध्ये फरक नाही" असं लिहा आणि मोकळे व्हा. वर आणखी तीन शंका आहेत: एकूण २४ रीडिंग आहेत तर एन (टेस्टमध्ये धरायची सॅम्पलची संख्या) २४ धरायचा की ८, सातवं सॅम्पल बाकीच्यांपेक्षा वेगळं वागतंय ते काढून टाकू का, आणि दोन ॲनालिस्टची सहा-सहा रीडिंग पडून आहेत त्यांनाही हीच टेस्ट चालेल का.

नाही, तसं लिहू नका. टेस्ट चुकीची लागलीय, आणि ती बरोबर लागली असती आणि तरी ०.९५ आली असती तरीसुद्धा "फरक नाही" हे वाक्य त्यातून निघालं नसतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या, एकेक घेऊ.

तुम्ही दिलेले आकडे, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, आधी जुनी मेथड मग नवीन:

१) १२.४ आणि १२.९
२) २५.१ आणि २५.४
३) ३७.८ आणि ३८.५
४) १८.६ आणि १८.८
५) ४४.० आणि ४४.६
६) ३०.३ आणि ३०.७
७) २१.५ आणि २१.४
८) ५१.२ आणि ५१.८

आता कुठलीही टेस्ट डोक्यात न आणता नुसते हे आकडे बघा. आठपैकी सात वेळा नवीन मेथड वर वाचतेय. फरक आहेत ०.५, ०.३, ०.७, ०.२, ०.६, ०.४, उणे ०.१ आणि ०.६. हे बघून कुणालाही वाटेल की नवीन मशीन थोडं जास्त दाखवतंय, आणि तरी एक्सेल सांगतंय पी ०.९५ म्हणजे अगदीच काही नाही. डोळ्यांना दिसतंय एक आणि टेस्ट म्हणतेय भलतंच, असं झालं की आधी टेस्टवर संशय घ्यायचा, डोळ्यांवर नंतर.

झालंय असं की तुम्ही दोन स्वतंत्र गटांची टेस्ट लावली. एक्सेलच्या टी.टेस्ट फंक्शनमध्ये शेवटी टाईप विचारतात, १ म्हणजे पेअर्ड (जोडीजोडीने), २ म्हणजे दोन स्वतंत्र गट आणि व्हेरिअन्स (आकड्यांचा पसारा) सारखा, ३ म्हणजे दोन स्वतंत्र गट आणि व्हेरिअन्स वेगळा. तुम्ही २ टाकलंय. आता स्वतंत्र गटांची टेस्ट काय करते, जुन्या मेथडचे आठ आकडे एका पिशवीत टाकते, नवीनचे आठ दुसऱ्या, आणि दोन सरासऱ्यांमधला फरक त्या पिशव्यांच्या आतल्या पसाऱ्याशी ताडून बघते. सरासरी ३०.११ आणि ३०.५१, फरक ०.४०. आणि पसारा? तुमची सॅम्पल १२ पासून ५१ पर्यंत आहेत, त्यामुळे एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दोन्हीकडे १३ च्या वर जाते. ०.४० चा फरक १३ च्या एसडीसमोर म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. स्टँडर्ड एरर (तो फरक योगायोगाने किती हलू शकतो ते) ६.७, टी (फरक भागिले स्टँडर्ड एरर) ०.०६, पी ०.९५. गणित बरोबर आहे हो, एक्सेलने काही चूक केलेली नाही, पण १३ ची एसडी ही मेथडची नाहीच, ती सॅम्पल एकमेकांपेक्षा वेगळी आहेत याची आहे, आणि ती तर तुम्ही मुद्दाम वेगळी घेतली होती, रेंज कव्हर व्हावी म्हणून!

पेअर्ड टेस्टमध्ये प्रत्येक सॅम्पल स्वतःशीच ताडलं जातं. आधी फरक काढायचे, मग फक्त त्या आठ फरकांवर काम करायचं, मूळ आकडे विसरायचे. फरकांची सरासरी ०.४०, फरकांची एसडी ०.२६, तिला आठच्या वर्गमुळाने भागलं की स्टँडर्ड एरर ०.०९३. टी म्हणजे ०.४० भागिले ०.०९३, साधारण ४.३, डिग्री ऑफ फ्रीडम (इथे जोड्यांपेक्षा एक कमी) ७, पी ०.००३५ च्या आसपास. तेच आकडे, तेच एक्सेल, टाईपमध्ये २ च्या जागी १, आणि ०.९५ चं झालं ०.००३५.

ही जुनीच गंमत आहे. टी टेस्ट ज्यांच्यामुळे आली ते विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करायचे, १९०८ साली बायोमेट्रिका मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर छापला, म्हणून स्टुडंट्स टी. ब्रुअरीत मोजकीच रीडिंग मिळायची, चार-दोन आकड्यांवरून निष्कर्ष काढायचे तर त्यात किती भरवसा, हाच त्यांचा प्रश्न होता, म्हणजे तुमचा-आमचाच. त्या पेपरमध्ये उदाहरण होतं ते दहा पेशंटवर दोन झोपेची औषधं देऊन किती तास जास्त झोप लागली याचं. तो डेटा आजही आर सॉफ्टवेअरमध्ये 'स्लीप' नावाने बसवलेला असतो. त्याला स्वतंत्र गटांची टेस्ट लावली की पी ०.०७९ येते, पेअर्ड लावली की ०.००२८. दहा माणसं तीच, औषधं दोन. तुमच्या केसची सख्खी बहीण.

म्हणून टेस्ट निवडताना डेटाचा आकार बघू नका, तो कसा गोळा केला ते बघा. दोन्ही कॉलममध्ये आठ-आठ आकडे आहेत म्हणून पेअर्ड, असं होत नाही. पहिल्या कॉलममधला तिसरा आकडा दुसऱ्या कॉलममधल्या तिसऱ्याशीच का जोडायचा, याला कारण असेल (तेच सॅम्पल, तोच प्राणी, तीच बॅच) तर पेअर्ड. कारण नसेल आणि दुसरा कॉलम कसाही वरखाली करून लावला तरी चालत असेल तर स्वतंत्र गट. एवढी एकच कसोटी मी लावतो आणि बहुतेक वेळा तेवढी पुरते.

आता २४ की ८. आठ. प्रत्येक सॅम्पलच्या तीन रीडिंगची सरासरी आणि एन ८, तुम्ही ॲव्हरेज काढलेत ते बरोबरच केलंत, कुणीतरी "जास्त डेटा तेवढं बरं" म्हणाला म्हणून ते बिघडवू नका. एकाच सॅम्पलची तीन रीडिंग एकमेकांना ओळखतात. सॅम्पल ३ मध्ये काही मॅट्रिक्सची (सॅम्पलमधल्या बाकी घटकांची) भानगड असेल तर तिन्ही रीडिंग सारखीच वर जातील, ती काही तीन स्वतंत्र साक्षी नव्हेत. २४ धरलेत तर टेस्टला वाटतं २४ सॅम्पल तपासली, स्टँडर्ड एरर फुकटात लहान होतो, डिग्री ऑफ फ्रीडम ७ ची २३ होते, आणि पी अशी सुंदर दिसायला लागते की रिव्ह्यूअरलाच शंका यावी. शिवाय टायट्रेशनचं पहिलं रीडिंग नवीन मशीनच्या पहिल्याच रीडिंगशी का जोडायचं? त्याला काहीच कारण नाही, म्हणजे वरच्या कसोटीतच नापास.

पण ती तीन-तीन रीडिंग फेकू नका, त्यांचा दुसरा आणि जास्त चांगला उपयोग आहे, जो फार कमी लोक करतात. त्यावरून दोन्ही मेथडची रिपीटेबिलिटी काढा, म्हणजे एकाच सॅम्पलच्या आत रीडिंग किती हलतात. समजा दोन्हीकडे ती एसडी ०.३ आली. मग तीन रीडिंगच्या सरासऱ्यांच्या फरकाची अपेक्षित एसडी किती? दोन गुणिले ०.०९ भागिले ३, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ०.२४. तुमची प्रत्यक्षात ०.२६ आहे. जुळलं, म्हणजे फरकांमधला सगळा चढउतार निव्वळ रीडिंग हलण्यामुळे आहे आणि त्याखाली एक ठराविक ०.४ चा सरकलेपणा आहे. पण समजा रिपीटेबिलिटी ०.१ च आली, तर अपेक्षित एसडी ०.०८ आणि प्रत्यक्षातली ०.२६, तिप्पट! तेव्हा समजायचं की काही सॅम्पल एका मेथडला आवडत नाहीत, म्हणजे त्या सॅम्पलमध्ये दुसरं काहीतरी आहे जे एका मेथडमध्ये मोजलं जातंय आणि दुसऱ्यात नाही. हे कळणं पी व्हॅल्यूपेक्षा कितीतरी कामाचं आहे.

सातवं सॅम्पल. फरक उणे ०.१, बाकी सगळे अधिक, म्हणून डोळ्यात खुपतंय. ग्रब्ज टेस्ट (एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच लांब, म्हणजे आउटलायर, आहे का ते बघणारी) करून बघू: सरासरीपासूनचं अंतर ०.५, भागिले एसडी ०.२६, येतं १.९१. आठ आकड्यांसाठी दोन्ही बाजूंनी ५ टक्क्यांची मर्यादा २.१३ च्या आसपास आहे. म्हणजे आउटलायर नाही. संपलं. ते काढलंत तर काय होईल तेही सांगतो, सरासरी फरक ०.४७ होईल, एसडी ०.१८ वर येईल आणि टी ४.३ वरून ६.९ वर उडी मारेल. दिसायला छान, पण हे तुम्ही डेटाकडे बघून केलंय हे टेस्टला माहीत नसतं. आणि ग्रब्जमध्ये नापास झालं असतं तरी मी नुसत्या तेवढ्यावरून काढलं नसतं. वही उघडा, त्या दिवशी त्या सॅम्पलचं काय झालं ते बघा, बुडबुडा आला का, डायल्युशन वेगळं होतं का, एंडपॉइंट पुढे गेला का. कारण सापडलं तर काढा आणि काढलं असं लिहा. कारण नाही सापडलं तर राहू द्या, हवं तर दोन्ही निकाल द्या, सॅम्पल ७ धरून आणि न धरून.

मग येते नॉर्मलची (आकडे घंटेच्या आकारात पसरलेत का याची) भीती. "डेटा नॉर्मल आहे का आधी तपासा" हे सगळ्यांना पाठ असतं आणि मग लोक मूळ रीडिंगवर शापिरो-विल्क (हेच तपासणारी टेस्ट) लावून बसतात. पेअर्ड टेस्टमध्ये नॉर्मल असायला हवेत ते फरक, मूळ आकडे कसेही पसरलेले असोत. आणि आठ आकड्यांवर शापिरो-विल्क लावून तसंही फार काही हाती लागत नाही, एवढ्या कमी आकड्यांत तिला ढोबळ गडबडच पकडता येते, त्यामुळे पास झालं म्हणजे नॉर्मल सिद्ध झालं असं नाही. आठ फरकांचे आठ ठिपके एका रेषेवर काढा आणि बघा, एखादा फार लांब पडलाय का, सगळे एका बाजूला चिकटलेत का. तुमचे ठीक आहेत.

तरी कुणी अडून बसलं तर विल्कॉक्सन साइन्ड रँक (फरकांच्या आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणारी, नॉर्मलची अट नसलेली टेस्ट) लावा. तुमच्या केसमध्ये हाताने होते: उणे फरक एकच, आणि तोच सगळ्यात लहान, त्याची रँक १. आठ फरकांच्या चिन्हांच्या २५६ शक्यता, त्यापैकी इतक्या टोकाच्या एका बाजूला २, दोन्ही बाजूंना ४, पी म्हणजे ४ भागिले २५६, ०.०१६. निष्कर्ष तोच. पण एक लक्षात असू द्या, नॉनपॅरामेट्रिक, म्हणजे अशी अट नसलेली टेस्ट, हे छोट्या डेटावरचं रामबाण औषध नाही. पाचच जोड्या असतील तर विल्कॉक्सनची दोन्ही बाजूंची पी कमीत कमी ०.०६२५ येऊ शकते, सगळे पाच फरक एकाच बाजूला असले तरी. म्हणजे ०.०५ च्या खाली ती जाऊच शकत नाही, टेस्ट करायच्या आधीच निकाल ठरलेला. तसंच तीन विरुद्ध तीन रीडिंगवर मान-व्हिटनी (स्वतंत्र गटांसाठीची तशीच टेस्ट) लावली तर कमीत कमी ०.१. "आम्ही मान-व्हिटनी केली, फरक सिग्निफिकंट नाही" असं तीन-तीन रीडिंगवर लिहिलेलं अजूनही वाचायला मिळतं, आणि ते वाचून हसावं की रडावं कळत नाही.

आता मोठा मुद्दा, ज्यासाठी एवढं सगळं लिहितोय. पी ०.००३५ म्हणजे काय? खरोखर काही फरक नसता तर निव्वळ रीडिंगच्या हलण्यामुळे इतका किंवा याहून मोठा टी दिसण्याची शक्यता साधारण हजारात साडेतीन. बस्स. मेथड सारख्या असण्याची शक्यता ०.३५ टक्के असा अर्थ नाही, आणि फरक मोठा आहे असाही नाही. उलट बाजूने, पी मोठी आली म्हणजे फरक नाही असंही नाही, फरक दाखवता आला नाही एवढंच. कमी सॅम्पल घ्या, ढिसाळ रीडिंग घ्या, कुठल्याही दोन मेथड "सारख्या" निघतील. म्हणजे जितकं काम वाईट तितका निकाल चांगला, आणि हे विचित्र आहे हे मान्य करूनही लोक तेच करतात कारण फॉरमॅटमध्ये पी व्हॅल्यूचा रकाना असतो.

तुम्हाला खरं विचारायचंय ते "फरक शून्य आहे का" हे नाहीच. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या मेथडमध्ये फरक अगदी शून्य कसा असेल? पुरेशी सॅम्पल घेतली तर तो सापडणारच. विचारायचंय ते असं की फरक इतका लहान आहे का की आमच्या कामाला तो चालेल. आणि "चालेल" म्हणजे किती, हे स्टॅटिस्टिक्स सांगत नाही, ते तुम्ही सांगायचं, आणि रीडिंग घ्यायच्या आधी सांगायचं. स्पेसिफिकेशनची मर्यादा किती जवळ आहे, त्या आकड्यावर पुढे कोण काय निर्णय घेणार, यावरून ते ठरतं.

समजा तुम्ही ठरवलंत की १ मिलिग्रॅमपर्यंत चालेल. तुमच्या फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) काढू: ०.४० अधिक-उणे २.३६५ गुणिले ०.०९३, म्हणजे ०.१८ ते ०.६२. पूर्णपणे १ च्या आत. म्हणजे फरक आहे, तो खरा आहे, आणि तरी तो चालण्यासारखा आहे. "सिग्निफिकंट" आणि "चालेल" ही दोन्ही एकाच वेळी खरी. आता समजा मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमची होती. इंटरव्हल ०.५ च्या पलीकडे जातोय, म्हणजे चालेल असं सिद्ध झालेलं नाही. तेच आकडे, तीच पी, आणि उत्तर उलटं. फार्मावाले यासाठी इक्विव्हॅलन्स टेस्ट वापरतात, टीओएसटी म्हणतात तिला, दोन एकतर्फी टेस्ट, एक वरच्या मर्यादेसाठी एक खालच्या, आणि ती करणं म्हणजे प्रत्यक्षात ९० टक्के इंटरव्हल मर्यादेच्या आत बसतो का ते बघणं. तुमचा ९० टक्क्यांचा येतो ०.२२ ते ०.५८. तुम्हाला "मेथड सारख्या आहेत" हे म्हणायचं असेल तर रस्ता हा आहे, टी टेस्टची मोठी पी हा नाही.

अजून एक करा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक सॅम्पलचा फरक उभ्या अक्षावर, दोन्ही मेथडची सरासरी आडव्या अक्षावर, आलेख काढा. ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला तो हाच. सरासरी फरकाची एक रेषा आणि तिच्या वर-खाली १.९६ एसडीवर दोन, तुमच्याकडे त्या येतात उणे ०.११ आणि ०.९१ वर. पुढचं एखादं सॅम्पल दोन्हीकडे मोजलं तर फरक ढोबळमानाने या पट्ट्यात पडेल. सरासरी फरक ०.४० वाचून समाधान मानू नका, एखाद्या सॅम्पलला ०.९ सुद्धा पडू शकतो, आणि रिपोर्ट तर एकेका सॅम्पलचाच जातो. आठच सॅम्पलवर हा पट्टा स्वतःच बराच सैल असतो. क्लिनिकल लॅबमध्ये मेथड ताडून बघायला किमान ४० सॅम्पल घेतात ते उगाच नाही.

तुमचा आलेख काढला तर एक गोष्ट दिसेल: वरच्या टोकाची तीन सॅम्पल, ३८, ४४, ५१ वाली, तिघांचेही फरक ०.६-०.७, आणि मधली १८ ते ३० वाली उणे ०.१ ते ०.४. म्हणजे फरक कॉन्सन्ट्रेशनबरोबर वाढतोय की काय अशी शंका येते. १२.४ वालं सॅम्पल मात्र ०.५ दाखवून त्यात मोडता घालतंय, त्यामुळे ठाम म्हणता येत नाही, आठ ठिपक्यांवर कोरिलेशन (दोन गोष्टी सोबत किती हलतात त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) ०.६ येतं ते योगायोगानेही येऊ शकतं. पण तपासायलाच हवं, कारण कारणं वेगळी निघतात. फरक सगळीकडे सारखा असेल तर ब्लँक (सॅम्पल न घालता घेतलेलं रीडिंग) नीट वजा होतोय का ते बघा. फरक टक्केवारीत सारखा असेल, म्हणजे वर जास्त खाली कमी, तर स्टँडर्डकडे बघा, टायट्रंटची नॉर्मॅलिटी (म्हणजे तीव्रता) परत काढा, नवीन मशीनच्या कॅलिब्रेशन स्टँडर्डचं डायल्युशन तपासा. ३० च्या वरची आणि १५ च्या खालची अजून चार-पाच सॅम्पल घेतलीत तर चित्र स्पष्ट होईल, आणि तेव्हा डेमिंग किंवा पासिंग-बाब्लोक रिग्रेशन (दोन्ही अक्षांवर चूक असते हे धरून रेषा बसवणारं) करा. साधं रिग्रेशन धरतं की आडव्या अक्षावर काही चूकच नाही, आणि तुमच्या आडव्या अक्षावर टायट्रेशन आहे, तेव्हा हे काही खरं नाही.

आणि कृपा करून "कोरिलेशन ०.९९९९ आहे म्हणून मेथड जुळतात" हे लिहू नका. तुमच्या डेटात ते खरोखर ०.९९९९ येतं. नवीन मशीनने प्रत्येक आकडा दुप्पट दाखवला असता तरी तेवढंच आलं असतं.

बारीकसारीक: आकडे एका दशांशावर गोल करून मग सरासरी काढू नका, मशीन देतंय तेवढे सगळे अंक घ्या आणि शेवटी गोल करा, फरक ०.४ चा असताना ०.१ चं गोलीकरण चांगलंच चावतं. दोन्ही मेथड वेगवेगळ्या दिवशी चालवल्या असतील तर जो फरक दिसतोय तो मेथडचा की दिवसाचा हे कुठलीच टेस्ट सांगणार नाही, पुढच्या वेळी सॅम्पलचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दोन्हीकडे त्याच दिवशी मोजा. आणि एकतर्फी टेस्ट करून पी अर्धी करायचा मोह टाळा, नवीन मशीन वरच वाचेल हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं.

लिहायचं कसं? मी असं लिहिन: "आठ सॅम्पल (१२ ते ५२ मिलिग्रॅम प्रति लिटर) दोन्ही मेथडने मोजली, प्रत्येकी तीन रीडिंगची सरासरी घेतली. नवीन मेथड सरासरी ०.४० ने जास्त वाचते (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१८ ते ०.६२, पेअर्ड टी टेस्ट, टी ४.३२, डिग्री ऑफ फ्रीडम ७, पी ०.००३५). एकेका सॅम्पलचा फरक उणे ०.१ ते ०.९ या पट्ट्यात अपेक्षित." त्याखाली तुमची आधी ठरवलेली मर्यादा आणि ती पाळली गेली की नाही. गाईडना हे दाखवा, बहुतेक जण इंटरव्हल बघून ऐकतात.

राहिले दोन ॲनालिस्ट. एकच सॅम्पल, दोघांनी सहा-सहा वेळा केलं, टक्क्यांमध्ये. पहिल्याची रीडिंग ९९.२, ९९.५, ९९.१, ९९.४, ९९.३, ९९.५. दुसऱ्याची ९९.९, ९८.६, १००.४, ९९.०, १००.१, ९८.८. इथे पहिल्याचं तिसरं रीडिंग दुसऱ्याच्या तिसऱ्याशी जोडायला काहीच कारण नाही, म्हणून पेअर्ड नाही, स्वतंत्र गट. आणि स्वतंत्र गटांमध्ये मी सरळ वेल्च वापरतो, एक्सेलमध्ये टाईप ३, आर मध्ये न सांगता तीच लागते. वेल्च यांनी १९४७ मध्ये दिली, व्हेरिअन्स सारखे असायला हवेत ही अटच नको म्हणून. आधी एफ टेस्ट (दोन गटांचे व्हेरिअन्स ताडणारी) करून मग २ की ३ ते ठरवायचं असं शिकवतात, पण व्हेरिअन्स सारखे असले तरी वेल्चने जवळपास काही बिघडत नाही, मग ती पायरी कशाला.

सरासरी ९९.३३ आणि ९९.४७, फरक ०.१३, टी ०.४२, डिग्री ऑफ फ्रीडम साडेपाचच्या आसपास (वेल्चमध्ये ती अपूर्णांकात येते, घाबरू नका), पी ०.७ च्या जवळ. "दोघांमध्ये फरक नाही" लिहून पुढे जाणार होतात ना? एसडी बघा. पहिल्याची ०.१६, दुसऱ्याची ०.७६. इथे एफ टेस्ट मुद्दाम करा, वेल्च की साधी हे ठरवायला नाही, तर हाच इथला खरा प्रश्न आहे म्हणून. व्हेरिअन्सचं गुणोत्तर २१.५ येतं, ५ आणि ५ डिग्रीला दोन्ही बाजूंची ५ टक्क्यांची मर्यादा ७.१५ आहे. सरासरी सारखी, पण दुसऱ्याचा हात जवळपास पाचपट हलतोय, आणि त्यामुळेच सरासरीतल्या फरकाचा इंटरव्हल उणे ०.६६ पासून ०.९३ पर्यंत ऐसपैस झालाय.

आणि त्याची रीडिंग घेतलेल्या क्रमाने परत वाचा: ९९.९, ९८.६, १००.४, ९९.०, १००.१, ९८.८. वर, खाली, वर, खाली, वर, खाली. पहिलं, तिसरं, पाचवं यांची सरासरी १००.१३, दुसरं, चौथं, सहावं यांची ९८.८०, आणि प्रत्येक तिकडीच्या आत रीडिंग बऱ्यापैकी घट्ट आहेत. टी टेस्ट, एफ टेस्ट, मान-व्हिटनी, यातल्या एकीलाही क्रम कळत नाही, आकडे ढवळून दिले तरी उत्तर तेच देतात. हा माणूस दोन पिपेट किंवा दोन फ्लास्क आलटून पालटून वापरत असावा असं मला वाटतं, एक धुऊन होईपर्यंत दुसरा. त्याला विचारा, दोन्हीचं कॅलिब्रेशन वजन करून तपासा, डिस्टिल्ड वॉटर घेऊन दहा-दहा वेळा, आणि मग एकाच पिपेटने सहा रीडिंग परत घ्यायला सांगा.